प्रतिकाराची दिशा : काळ्या आजाराने शिकवलेले शरीरशास्त्र



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांनी आपली विद्या आयुष्यभर अशा लोकांसाठी वापरली, ज्यांच्या खिशात औषधाचे पैसे नसत. त्यांच्या नावाच्या व्यासपीठावर बोलायचे म्हणून विषयही मी तसाच निवडला आहे. काळा आजार हा गरिबांतल्या गरिबांचा आजार. उत्तर बिहारमध्ये मातीच्या भिंतींच्या, गोठ्याला लागून असलेल्या ओलसर झोपड्यांत तो पिढ्यानपिढ्या मुक्काम करून राहिला. मुसहरांसारख्या भूमिहीन मजुरांच्या वस्त्यांना त्याने सर्वांत जास्त छळले. महाराष्ट्रात या आजाराचे ठाणे नाही. आपल्याकडच्या बहुतेक डॉक्टरांनी त्याचा रुग्ण फक्त पुस्तकात पाहिलेला असतो. तरीही तो मी आज आपल्यासमोर मांडतो आहे, कारण शरीराची प्रतिकारयंत्रणा कशी चालते, कुठे अडते आणि कशाने मोकळी होते, हे इतक्या उघडपणे फार थोड्या आजारांत पाहायला मिळते.

गेल्या काही वर्षांत 'प्रतिकारशक्ती वाढवा' हे वाक्य आपण सगळ्यांनीच असंख्य वेळा ऐकले. त्यामागे एक समजूत आहे. प्रतिकार ही एक ठरावीक राशी आहे. ती कमी पडली की माणूस आजारी पडतो, भरपूर असली की ठणठणीत राहतो. काळा आजार ही समजूत मुळापासून खोडून काढतो. या आजारात शरीर गप्प बसलेले नसते. पांढऱ्या पेशी कामाला लागलेल्या असतात, रक्तात प्रतिपिंडांचा पूर आलेला असतो, पाणथरी फुगून बेंबीच्या खाली उतरलेली असते. आणि इतके सगळे होऊनही, उपचार मिळाले नाहीत तर रुग्ण बहुतेक वेळा दगावतो. प्रतिकार भरपूर आहे, पण त्याची दिशा चुकली आहे. ती का चुकते, कशी सुधारते आणि समाज म्हणून आपण त्यातून काय घ्यायचे, हे मला आज सांगायचे आहे.

भक्षकाच्या पोटात

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आसाम आणि बंगालमध्ये काळ्या आजाराच्या तापाने गावेच्या गावे ओस पाडली. महिनोन्‌महिने न उतरणारा ताप, खंगत गेलेले शरीर, रक्तक्षय, काळवंडलेली कातडी आणि फुगलेले पोट. हा मलेरियाचाच बिघडलेला प्रकार असावा, असे तेव्हा मोठमोठे संशोधक मानत. पण क्विनाइनचा उपयोग होत नव्हता. कलकत्त्याजवळच्या डमडम छावणीत आजारी पडलेला एक सैनिक इंग्लंडला परतल्यावर १९०० साली वारला. त्याच्या पाणथरीत, म्हणजे प्लीहेत, विल्यम लीशमन यांना बारीक अंडाकृती कण दिसले. ते निरीक्षण त्यांनी १९०३ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच वर्षी मद्रासमध्ये चार्ल्स डोनोव्हन यांनाही रुग्णांच्या प्लीहेत तेच कण सापडले. रोनाल्ड रॉस यांनी दोघांचा मान राखला आणि परजीवीला नाव मिळाले लीशमानिया डोनोव्हानी.

अस्थिमज्जेचा किंवा प्लीहेचा थेंब काचपट्टीवर पसरून जिएम्सा रंगाने रंगवला, की आजही तेच दृश्य दिसते. तेलात बुडवायच्या भिंगाखाली एक मोठी पेशी दिसते, फिकट निळ्या रंगाची. तिच्या आत दोन ते चार मायक्रॉनचे अंडाकृती ठिपके दाटीवाटीने बसलेले असतात. प्रत्येकात दोन जांभळट-लाल खुणा : एक गोल, ते केंद्रक, दुसरी बारीक काडीसारखी, तो कायनेटोप्लास्ट. या दोन खुणा एकाच ठिपक्यात दिसल्या, की निदान पक्के. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना ही पट्टी दाखवताना मी त्यांना आधी परजीवी शोधू देत नाही. आधी ती मोठी पेशी ओळखा, असे सांगतो. कारण सगळे मर्म तिथे आहे. ती पेशी म्हणजे मॅक्रोफेज, आपल्या शरीरातली महाभक्षक पेशी. जंतू गिळायचे आणि आम्लात, पाचक रसांत विरघळवून टाकायचे, हे तिचे काम. काळ्या आजाराचा परजीवी नेमका तिच्यात राहतो, तिच्यात वाढतो आणि ती फुटली की शेजारच्या तशाच दुसऱ्या पेशीत शिरतो. जिने मारायचे तिनेच त्याला आसरा दिलेला असतो.

चाव्यानंतरच्या पहिल्या घटका

परजीवी माणसात येतो तो वाळूमाशीच्या चाव्यातून. ही माशी जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची, डासापेक्षाही लहान, चाहूल न देता उडणारी. आपल्या भागात ती अनोळखी नाही. नागपूर परिसरातल्या चांदिपुऱ्याचे नाव ज्या विषाणूला मिळाले, त्याचा प्रसारही वाळूमाशीच करते. काळा आजार मात्र भारतात फ्लेबोटोमस अर्जेंटिपेस या जातीच्या माशीकडून पसरतो, आणि आपल्या देशात तो माणसाकडून माणसाकडेच जातो. हे सिद्ध करायला कित्येक वर्षे लागली. रक्तानंतर माशांना मनुके खायला दिले तर त्यांच्या पोटात परजीवी जोमाने वाढतात, हे १९४० मध्ये स्मिथ, हाल्दर आणि अहमद यांच्या लक्षात आले. मग १९४२ मध्ये स्वामीनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी अशा माशांच्या चाव्याने स्वयंसेवकांना हा आजार होतो, हे दाखवले. आजच्या ज्ञानाच्या पायाशी त्या स्वयंसेवकांनी पत्करलेला धोका आहे, हे आपण विसरू नये.

माशीच्या आतड्यात परजीवी शेपटीवाल्या, चपळ रूपात असतो. तो तिथे एक चिकट द्रव तयार करतो आणि त्याने तिची अन्ननलिका तुंबते. तिला नीट रक्त ओढता येत नाही. ती पुन्हा पुन्हा चावते आणि प्रत्येक चाव्यात परजीवी, तो चिकट द्रव आणि आपली लाळ कातडीत ओकते. चाव्याने फाटलेल्या कातडीकडे पहिल्या धावतात त्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी. अमेरिकेत डेव्हिड सॅक्स यांच्या प्रयोगशाळेत २००८ मध्ये जिवंत उंदराच्या कानावर हे सारे सूक्ष्मदर्शकातून टिपले गेले. माशी चावून अर्धा-पाऊण तास होतो न होतो, तोच न्यूट्रोफिलनी ती जागा भरून गेली होती आणि त्यांनी परजीवी गिळायलाही सुरुवात केली होती. ही तत्परता पाहून आपल्याला वाटेल की काम फत्ते झाले. पण न्यूट्रोफिल आधीच काढून टाकलेल्या उंदरांमध्ये संसर्ग वाढला नाही, उलट कमी झाला. गिळलेले परजीवी त्या पेशींत तग धरून राहत होते. म्हणजे पहिल्या तासातच आपल्याला हा धडा मिळतो : लवकर आलेला, जोरकस प्रतिसाद हितकारक असेलच असे नाही.

तिथून परजीवी महाभक्षक पेशीत जातो. रक्तातली पूरक प्रथिने, ज्यांना आपण कॉम्प्लिमेंट म्हणतो, जंतूच्या अंगाला चिकटून त्याला भोक पाडतात. लीशमानियाच्या अंगावर साखरेच्या लांब साखळ्यांचे दाट आवरण असते. भोक पाडणारी प्रथिने त्यातून आत पोचत नाहीत. त्याच्या पृष्ठभागावर जीपी-६३ नावाचे एक विकर असते. ते या पूरक प्रथिनांचे असे तुकडे करते, की मारक काम थांबते पण महाभक्षक पेशीला 'मला गिळ' ही खूण मात्र तशीच राहते. या खुणेवरून परजीवी गिळला गेला, की पेशी फारशी खवळतही नाही. आत गेल्यावर परजीवी शेपटी टाकतो, गोल होतो आणि ज्या आम्लात इतर जंतू विरघळतात त्याच आम्लात वाढू लागतो.

एक रेणू, दोन वाटा

मग महाभक्षक पेशी त्याला कधीच मारू शकत नाही का? मारू शकते, आणि सहज मारते. फक्त तिला तसा हुकूम मिळावा लागतो. हा हुकूम म्हणजे इंटरफेरॉन गॅमा हे प्रथिन, आणि तो मुख्यतः टी पेशी नावाच्या पांढऱ्या पेशींकडून येतो. तो मिळाला की महाभक्षक पेशीत एक विकर जागे होते. ते आर्जिनिन या अमिनो आम्लापासून नायट्रिक ऑक्साइड तयार करते. हा साधा वायू परजीवीला मारतो. पण त्याच पेशीला इंटरल्यूकिन-४ किंवा १३ हे संदेश मिळाले तर आर्जिनेज नावाचे दुसरे विकर पुढे येते. तेही आर्जिनिनच वापरते, पण त्यातून शेवटी जी द्रव्ये बनतात ती परजीवीला वाढीसाठी लागणारी असतात. कच्चा माल एकच, पेशी एकच, परजीवीही तोच. कोणता संदेश आला, यावर त्याचे मरण ठरते की पोषण. उंदरांच्या पेशींमध्ये हे फार स्वच्छ दिसते. माणसाच्या पेशींत इतर मारक मार्गांचाही वाटा असतो, पण तत्त्व तेच राहते.

आता टी पेशींनी कोणता संदेश पाठवायचा, हे कोण ठरवते? या प्रश्नाचे उत्तर शोधताना लीशमानियाने संपूर्ण प्रतिकारशास्त्राला वळण दिले. त्वचेला व्रण करणारी लीशमानिया मेजर ही जात घेऊन दोन वंशांच्या उंदरांना सारखाच संसर्ग दिला, तर एका वंशाचे उंदीर काही आठवड्यांत बरे होतात आणि दुसऱ्या वंशाचे, ज्यांना बाल्ब-सी म्हणतात ते, चिघळत जाऊन मरतात. टिम मॉसमन आणि रॉबर्ट कॉफमन यांनी १९८६ मध्ये मदतनीस टी पेशींचे दोन प्रकार दाखवले होते : इंटरफेरॉन गॅमा सोडणाऱ्या टीएच-१ आणि इंटरल्यूकिन-४ सोडणाऱ्या टीएच-२. तीन वर्षांनी, १९८९ मध्ये, हाइन्झेल, लॉक्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की बऱ्या होणाऱ्या उंदरांत पहिला प्रकार वरचढ असतो आणि मरणाऱ्यांत दुसरा. मरणारे उंदीरही लढत होते. त्यांच्या टी पेशी संख्येने कमी नव्हत्या.

पुढचा प्रयोग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दिशा ठरवणारा आरंभीचा संदेश इंटरल्यूकिन-१२ आहे, हे कळल्यावर १९९३ मध्ये बाल्ब-सी उंदरांना तो बाहेरून देण्यात आला. संसर्गाच्या सुरुवातीच्या दिवसांत दिला तर एरवी मरणारे उंदीर बरे झाले. उशिरा दिला तर उपयोग झाला नाही. प्रतिकारात वेळेला किती किंमत आहे, हे याहून ठळकपणे सांगता येणार नाही. सुरुवातीचे काही दिवस पुढच्या महिन्यांचे भवितव्य ठरवून जातात.

या संदेशांची गुंतागुंत उलगडण्यात पुण्याचाही हात आहे. राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात भास्कर साहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीडी-४० या महाभक्षक पेशीवरच्या ग्राहकाचा अभ्यास केला. टी पेशी याच ग्राहकाला जुळून महाभक्षक पेशीला उत्तेजन देते. त्यांनी २००३ आणि २००४ मध्ये दाखवले की एकाच ग्राहकातून आत गेलेला संदेश दोन परस्परविरोधी मार्ग घेऊ शकतो. एका मार्गाने गेला तर इंटरल्यूकिन-१२ तयार होते आणि परजीवीवर चढाई होते. दुसऱ्या मार्गाने गेला तर इंटरल्यूकिन-१० तयार होते आणि चढाई थांबते. परजीवी हे पारडे आपल्या बाजूला झुकवतो. मारक मार्गाला औषधाने चालना दिली तर पारडे परत फिरवता येते, हेही त्यांनी उंदरांत दाखवले.

प्रतिपिंडांचा पूर

उंदरांवरून माणसाकडे येताना मात्र फार जपून यावे लागते. माणसाच्या काळ्या आजारात टीएच-१ आणि टीएच-२ यांची इतकी सरळ वाटणी होत नाही. तिथे काय घडते ते समजून घ्यायला एका जुन्या, आता मागे पडलेल्या तपासणीकडे पाहू.

कलकत्त्यात १९२०च्या दशकात लायनेल नेपियर यांनी ही तपासणी रूढ केली. साधने अगदी साधी : काचेची एक नळी, रुग्णाच्या रक्तातला पिवळसर द्रव म्हणजे सीरम, आणि फॉर्मेलिन. एक मिलिलिटर सीरममध्ये फॉर्मेलिनचे एक-दोन थेंब टाकायचे आणि नळी हलवून ठेवून द्यायची. काळा आजार काही महिने मुरलेला असेल, तर काही मिनिटांतच तो पारदर्शक द्रव गोठतो आणि उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखा घट्ट, अपारदर्शक होतो. नळी उलटी केली तरी खाली येत नाही. गोठतात ती त्या सीरममध्ये बेसुमार साठलेली ग्लोब्युलिन प्रथिने, म्हणजे मुख्यतः प्रतिपिंडे. बी पेशी सरसकट भडकलेल्या असतात आणि त्यांनी बनवलेल्या प्रतिपिंडांतली बरीचशी परजीवीविरुद्ध नसतातच. जी असतात तीही पेशीच्या आत दडलेल्या परजीवीपर्यंत पोचत नाहीत. उलट प्रतिपिंडांनी मढलेले परजीवी गिळताना महाभक्षक पेशी इंटरल्यूकिन-१० अधिक सोडतात, असे प्रयोगांत दिसले आहे.

याच्या जोडीला दुसरी तपासणी ठेवा. लीशमानिन चाचणीत मेलेल्या परजीवींचा अंश कातडीत टोचतात आणि दोन-तीन दिवसांनी तिथे गाठ येते का ते पाहतात. ही गाठ टी पेशींच्या प्रतिसादाची खूण. ऐन आजारात प्रतिपिंडांचा पूर असतो, पण ही गाठ येत नाही. रुग्ण बरा झाला, की काही महिन्यांनी ती येऊ लागते. आणि ज्यांना संसर्ग होऊनही आजार झालाच नाही, अशा बऱ्याच गावकऱ्यांत ती आधीपासूनच असते. संसर्ग झालेल्यांपैकी बहुसंख्य लोक कधीच आजारी पडत नाहीत, ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. त्यांच्या शरीराने योग्य दिशेने, योग्य वेळी उत्तर दिलेले असते आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो.

मग रुग्णाच्या टी पेशी हतबल झालेल्या असतात का? मुझफ्फरपूरच्या केंद्रात, वाराणसीचे श्याम सुंदर आणि सॅक्स यांच्या गटांनी मिळून केलेल्या कामाने इथे मोठी स्पष्टता आणली. रुग्णाचे अख्खे रक्त घेऊन त्यात परजीवीचा अंश मिसळला, तर टी पेशी भरपूर इंटरफेरॉन गॅमा सोडतात. हुकूम देणारे आहेत आणि हुकूम सुटतोही आहे. पण प्लीहेत इंटरल्यूकिन-१० खूप वाढलेले असते आणि ते महाभक्षक पेशींना तो हुकूम पाळू देत नाही. निदानासाठी काढलेल्या प्लीहेच्या थेंबातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवताना काहींमध्ये इंटरल्यूकिन-१० निष्प्रभ करणारे प्रतिपिंड घातले, तेव्हा त्यांतले परजीवी कमी झाले. उंदरांचा नव्हे, माणसाच्या आजाराचा हा पुरावा आहे आणि म्हणून तो मोलाचा आहे.

इंटरल्यूकिन-१०ला खलनायक ठरवण्याची घाई मात्र करू नये. दाह मर्यादेत ठेवून अवयव वाचवणे हे त्याचे काम. ते सैल झाले तर काय होते, ते दक्षिण अमेरिकेत लीशमानियाच्या दुसऱ्या एका जातीने होणाऱ्या आजारात दिसते. तिथे नाक आणि टाळू झडतात. ऊतींत परजीवी जेमतेम सापडतात. नासधूस केलेली असते ती अनावर प्रतिकाराने. उलट टोकाला असेही रुग्ण असतात ज्यांच्या अंगभर गाठी, गाठींत परजीवी खच्चून भरलेले, आणि शरीराचे उत्तर जवळपास शून्य. ज्यांनी कुष्ठरोगाचे काम पाहिले आहे, आणि महाराष्ट्रात असे लोक पुष्कळ आहेत, त्यांना ही दोन टोके लगेच ओळखू येतील. आरोग्य या दोन टोकांच्या मधल्या तोलात असते.

बरे होणे म्हणजे काय

उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी कलकत्त्याच्या कॅम्पबेल रुग्णालयातल्या एका छोट्या खोलीत, नळ नाही, गॅस नाही, अशा अवस्थेत कंदिलाच्या उजेडात काम करून १९२०च्या सुमारास युरिया स्टिबामाइन हे अँटिमनीचे औषध शोधले. त्याने लाखो माणसे वाचली. पुढे हेन्री मरे यांनी उंदरांवर दाखवले की टी पेशी नसतील तर अँटिमनी कामच करत नाही. एकटे औषध परजीवी संपवत नव्हते. त्याला शरीराची साथ लागत होती. एचआयव्हीबाधित रुग्णात काळा आजार पुन्हा पुन्हा का उलटतो, हे यातून समजते. १९९०च्या दशकात उत्तर बिहारमध्ये अँटिमनीला दाद न देणारे परजीवी बोकाळले. मग अँफोटेरिसिन आले, २००२ मध्ये तोंडाने घ्यायचे मिल्टेफोसिन आले, आणि २०१० मध्ये श्याम सुंदर यांनी सिद्ध केले की लिपोसोमल अँफोटेरिसिनच्या एकाच मात्रेत बहुतेक रुग्ण बरे होतात. मजुरी बुडवून महिनाभर दवाखान्यात पडून राहणे ज्यांना अशक्य होते, त्यांच्यासाठी या एका मात्रेचे मोल किती, ते वेगळे सांगायला नको.

पण बरा झालेला रुग्ण परजीवीमुक्त होतोच असे नाही. उंदरांत तर हे स्पष्ट दिसले आहे. व्रण भरतो, पण कातडीत थोडे परजीवी उरतात, आणि नियंत्रक टी पेशी इंटरल्यूकिन-१०च्या साहाय्याने त्यांना पूर्ण मारू देत नाहीत. यास्मिन बेलकैद आणि सॅक्स यांनी २००२ मध्ये दाखवले की हे नियंत्रण काढून टाकले तर उंदीर पूर्ण निर्जंतुक होतात, आणि मग पुढच्या संसर्गापासून त्यांना संरक्षण राहत नाही. उरलेले थोडे परजीवी त्या प्रतिकाराची स्मृती जागती ठेवत होते. शरीराने हा करार आपल्या हितासाठी केलेला असतो.

त्या कराराची किंमतही असते. काळा आजार बरा झालेल्या भारतीय रुग्णांपैकी साधारण पाच ते दहा टक्के लोकांच्या कातडीवर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी फिकट चट्टे आणि गाठी उठतात. हे सर्वप्रथम ब्रह्मचारींनीच १९२२ मध्ये वर्णिले. रुग्णाला ताप नसतो, दुखत नसते; चट्ट्यांना कोड किंवा कुष्ठरोग समजले जाते. पण त्या कातडीतून वाळूमाशीला परजीवी मिळतात, हे मुझफ्फरपूर आणि बांगलादेशातल्या अभ्यासांत सिद्ध झाले आहे. गावातला शेवटचा तापाचा रुग्ण बरा झाल्यानंतरही आजाराचे बीज अशा एखाद्या हिंडत्या-फिरत्या माणसाच्या अंगावर टिकून राहते.

लस आणि लोक

लीशमानियाचा त्वचेवरचा व्रण एकदा होऊन गेला की पुन्हा होत नाही, हे मध्य आशिया आणि पश्चिम आशियातल्या लोकांना शतकानुशतके माहीत होते. मुलांच्या अंगावरच्या झाकल्या जागी मुद्दाम व्रणातला द्रव टोचत, म्हणजे चेहरा विद्रूप होत नसे. इराणने इराकशी झालेल्या युद्धाच्या काळात ही पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली. काहींचे व्रण लवकर भरेनात, म्हणून ती थांबली. पण तिने एक गोष्ट सिद्ध केली : लीशमानियाविरुद्ध टिकाऊ प्रतिकार देता येतो. तरीही आजवर माणसासाठी एकही परवानाप्राप्त लस नाही. कुत्र्यांसाठी मात्र झाल्या आहेत. मेलेल्या परजीवींच्या लशींनी निराशा केली, त्याचे एक कारण मघाचेच असावे. परजीवी जिवंत राहिला तरच स्मृती जागती राहते. म्हणून आता सेंट्रिन हे जनुक काढून टाकलेला परजीवी पुढे आला आहे. तो महाभक्षक पेशीत काही काळ जगतो, पण वाढू शकत नाही. अमेरिकी शास्त्रज्ञांच्या या कामात लसनिर्मितीच्या बाजूने पुण्याची जेनोव्हा कंपनी सहभागी आहे.

लस हवीच कशाला, आजार तर संपत आला, असे कोणी म्हणेल. आकडे खरोखर आनंद देणारे आहेत. भारतात १९९२ मध्ये सुमारे ७७ हजार रुग्ण नोंदले गेले होते. २०२३ मध्ये ही संख्या हजाराच्या खूप खाली आली. दर दहा हजार लोकवस्तीत वर्षाला एकाहून कमी रुग्ण, हे तालुकापातळीचे उद्दिष्ट बिहार, झारखंड, पश्चिम बंगाल आणि उत्तर प्रदेशातल्या सर्व बाधित तालुक्यांनी गाठले. बांगलादेशाला तर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तसे प्रमाणपत्र दिले. घरोघर फवारणी करणारे कामगार, ताप शोधत फिरणाऱ्या आशा कार्यकर्त्या, बोटाच्या थेंबावर दहा-पंधरा मिनिटांत उत्तर देणारी तपासणी, एका मात्रेचे औषध, या साऱ्यांचे हे श्रेय आहे.

पण हे यश याआधीही एकदा आले होते. मलेरिया निर्मूलनासाठी १९५०-६०च्या दशकांत डीडीटीची फवारणी झाली आणि तिच्याबरोबर वाळूमाशीही गेली. काळा आजार जवळपास दिसेनासा झाला. फवारणी थांबली, लक्ष उडाले. दरम्यान अशी एक पिढी वाढली, जिच्या शरीराची या परजीवीशी कधी गाठच पडली नव्हती. आणि १९७७ मध्ये बिहारमध्ये सुमारे एक लाख लोक आजारी पडले. यामागे प्रतिकारशास्त्राचा साधा हिशेब आहे. संसर्ग जितका कमी होतो, तितकी लीशमानिन चाचणीत गाठ येणाऱ्या माणसांची संख्या घटत जाते. आजार हटवण्यात आपण यशस्वी होतो, तेव्हाच असुरक्षित लोकसंख्या वाढत असते. म्हणून आजार ओसरत असताना लशीची गरज कमी होत नाही, वाढते. आणि नेमक्या त्याच वेळी पैसा आणि लक्ष दुसरीकडे वळते.

संसर्ग झालेल्या कोणाचा प्रतिकार योग्य वाटेने जाईल आणि कोणाचा चुकेल, यात अनुवंशाचा भाग आहे, पण आपल्या हातातला भागही मोठा आहे. कुपोषित मुलांमध्ये संसर्गाचे आजारात रूपांतर जास्त होते. डाळ, दूध, अंडी मिळालेल्या शरीरातल्या टी पेशींना वेळेवर हुकूम सोडता येतो. भेगा बुजवलेल्या कोरड्या भिंतीत वाळूमाशीला जागा राहत नाही. जाहिरातीतल्या कुठल्याही काढ्याने मुसहर वस्तीतल्या मुलाची प्रतिकारशक्ती वाढलेली नाही. रोजगार, रेशन आणि पक्के घर यांनी ती वाढते.

म्हणून माझे सांगणे तीन गोष्टींपुरते आहे. रुग्णसंख्या शून्याजवळ गेली तरी पुढची किमान दहा-पंधरा वर्षे बाधित गावांत तापाची आणि कातडीवरच्या चट्ट्यांची शोधमोहीम चालू राहावी, आणि तिच्यासाठी स्वतंत्र तरतूद असावी. स्थलांतरित मजुरांबरोबर हा आजार देशात कुठेही पोचू शकतो, तेव्हा मुंबई, पुणे, नाशिकच्या डॉक्टरांनी बिहारहून आलेल्या मजुराचा दोन आठवडे न उतरणारा ताप आणि वाढलेली पाणथरी दिसताच या आजाराची तपासणी करावी. आणि इथे बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांना संशोधनाकडे वळायचे आहे, त्यांनी हा विषय जुना म्हणून सोडू नये. महाभक्षक पेशीला हुकूम मिळूनही ती तो का पाळत नाही, हा प्रश्न क्षयरोगातही आहे, कुष्ठरोगातही आहे आणि कर्करोगातही आहे. त्याचे उत्तर शोधायला लागणारे रुग्ण, प्रयोगशाळा आणि सव्वाशे वर्षांचा अनुभव, तिन्ही आपल्या देशात आहेत. ज्या माणसांच्या रक्तातून आणि प्लीहेतून हे सगळे ज्ञान जगाला मिळाले, त्यांच्या मुलांपर्यंत लस पोचेपर्यंत हे काम पूर्ण झाले असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.